मीठ आणि सर्फॅक्टंट द्रावणाचा दाटपणा
शाम्पूच्या कारखान्यात दाटपणा आणण्यासाठी बहुधा साधे मीठच वापरतात. सोडियम लॉरेथ सल्फेट या सर्फॅक्टंटच्या द्रावणात ते थोडे थोडे घालत गेले की श्यानता शेकडो पटींनी वाढते, एका शिखराला पोचते आणि मग उतरू लागते. चढ समजायला सोपा आहे. या वर्तनाचे खरे मर्म मात्र उतारात आहे.

सर्फॅक्टंटच्या रेणूला पाण्यात रमणारे भारित डोके आणि पाणी टाळणारी शेपटी असते. ठरावीक संहतीनंतर हे रेणू शेपट्या आत घेऊन एकत्र येतात. या पुंजक्याला मायसेल म्हणतात. सोडियम डोडेसिल सल्फेटसाठी ही संहती शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे 8 मिलिमोल असते, तर 0.1 मोलर मिठात ती 1.5 च्या आसपास उतरते. सारख्या भाराची डोकी एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून मायसेल गोल राहतो. मीठ या विद्युत बलाचा पल्ला तोडते: 1 मिलिमोलर मिठात तो सुमारे 10 नॅनोमीटर असतो, 100 मिलिमोलरमध्ये जेमतेम 1. डोकी जवळ सरकली की प्रत्येकाच्या वाट्याचे क्षेत्रफळ घटते. इस्राएलाश्विली, मिचेल आणि निनहॅम यांनी 1976 मध्ये मांडलेल्या भूमितीनुसार अशा रेणूंना गोलापेक्षा दंडगोल सोयीचा पडतो. दंडगोलाची अर्धगोल टोके आता ऊर्जेच्या दृष्टीने महाग होतात. टोके कमी करण्याचा मार्ग म्हणजे लांबी वाढवणे. तशी ती वाढते, आणि हे लांब, लवचीक मायसेल एकमेकांत गुंततात.

पण ही गुंतवळ कायमची नसते. मायसेल सतत तुटतात आणि पुन्हा जुळतात. केट्स यांनी 1987 मध्ये दाखवले की तुटणे पुरेसे जलद असेल, तर ताण एकाच शिथिलनकाळाने ओसरतो. हा काळ म्हणजे मायसेलला गुंतवळीतून सरपटत बाहेर पडायला लागणारा काळ आणि तुटण्याचा काळ यांचा भूमितीमध्य. श्यानता ही या काळाचा आणि स्थितिस्थापक मापांकाचा गुणाकार असते.

मग शिखरानंतर काय होते? मायसेल आखूड होत असावेत, हा पहिला तर्क; पण कारण बहुधा वेगळे असते. अनेक द्रावणांत मापांक जवळपास तसाच राहतो, पडतो तो शिथिलनकाळ. टोके इतकी महाग झालेली असतात की ती दुसऱ्या मायसेलच्या कुशीत जुळतात आणि फाटे फुटतात. हा सांधा पक्का नसतो. मायसेलच्या लांबीवर तो घसरू शकतो. त्यामुळे काहीही न तुटता ताण ओसरतो. जाळे जास्त जोडलेले, तरी जास्त प्रवाही: मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. मीठ आणखी वाढवले तर द्रावण दुभंगते.

मिठाची जातही महत्त्वाची. धनभारित सीटिल ट्रायमिथिल अमोनियमच्या मायसेलना ब्रोमाइड क्लोराइडपेक्षा घट्ट बिलगते. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन विकिरणाने केलेल्या अभ्यासांत पोटॅशियम ब्रोमाइडने मायसेल वाढलेले दिसले, पोटॅशियम क्लोराइडने फारसे नाही. सॅलिसिलेट तर आपले बेंझिन वलय थेट डोक्यांमध्ये खुपसते, म्हणून त्याची थोडी मात्राही पुरते.

एकच श्यानता शिखराच्या दोन्ही बाजूंना मिळते, पण आतली रचना निराळी असते. म्हणून श्यानतेचा सुटा आकडा अपुरा आहे. त्यासोबत मिठाचे प्रमाण, तापमान, मापांक आणि शिथिलनकाळ नोंदवलाच पाहिजे.