गिरणगावच्या चाळींतील नेतृत्वाची परीक्षा

निवडणूक आली की आपल्या वस्त्यांसाठी एक शब्द ठरलेला असतो. तो शब्द म्हणजे 'गठ्ठा'. दलितांची गठ्ठामते या वेळी कोणाच्या पारड्यात, असे वृत्तपत्रे विचारतात, पुढारी विचारतात आणि आता वर्गात माझ्यासमोर बसलेली आमचीच मुलेही विचारतात. गठ्ठा बांधतात, उचलतात, विकतात. गठ्ठ्याला स्वतःचे मत नसते. राजकारणाचा विचार वरच्यांनी करायचा आणि खालच्यांनी फक्त मागे चालायचे, असे एक इतिहासविषयक विधानच या शब्दात दडलेले आहे. ते कितपत खरे आहे?

या प्रश्नाचे उत्तर सबंध देशाच्या पातळीवर देण्याचा आव मी आणत नाही. मुंबईच्या एका पट्ट्यापुरतेच मी बोलणार आहे. भायखळा, परळ, लालबाग, नायगाव, डिलाइल रोड, वरळी. माझे आजोबा याच पट्ट्यातल्या एका गिरणीच्या रिंगखात्यात राबले. घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. इतिहासाची पदवी घेताना मला या पट्ट्यातील संप शिकवले गेले, संपाचे पुढारी शिकवले गेले. पण त्या पुढाऱ्यांना पारखून घेणारी माणसे कोठल्याही पाठ्यपुस्तकात मला भेटली नाहीत. म्हणून हा लेख.

१

आधी जागा पाहू. बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या काही वर्षांत उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. एका मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत घरची माणसे, गावाकडून आलेले भाऊबंद आणि पाळीप्रमाणे झोपणारे गाववाले. एवढ्या जागेत बोलायला उसंत कोठली? म्हणून बोलणे बाहेर आले. जिन्यावर आले, दोन्हीकडच्या खोल्यांमधल्या बोळात आले, नळावर आणि पटांगणात आले. राजकारणाला दिवाणखाना मिळाला नाही, म्हणून ते सार्वजनिक झाले.

बाबासाहेब स्वतः १९१२ पासून वीसेक वर्षे परळच्या बी. आय. टी. चाळीत राहिले. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली आणि परळच्या दामोदर हॉलमध्ये तिचे कार्यालय चालू लागले. म्हणजे ज्या नेत्याविषयी बोलायचे, तो नेता दूरच्या राजधानीत नव्हता. त्याचा कंदील रात्री उशिरापर्यंत जळताना लोक पाहत होते. शेजारच्या माणसाची परीक्षा दूरच्या माणसापेक्षा कडक होते, हे चाळीत राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी आणि 'जनता' २४ नोव्हेंबर १९३० रोजी. ही पत्रे किती विकली गेली यावरून त्यांचा प्रभाव मोजणारे अभ्यासक एक गोष्ट विसरतात. अंक एकजण वाचायचा आणि दहा-वीसजण ऐकायचे. आजोबांना अक्षरओळख उशिरा झाली. तोवर रात्रशाळेत जाणारा एक मुलगा त्यांना अंक वाचून दाखवीत असे. ऐकणारे गप्प बसत नसत. मागचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावीत, त्यावर भांडत, आणि वाचणाऱ्या मुलाला शब्दाचा अर्थ सांगता आला नाही तर त्याची खोडही काढीत. जे वाचणाऱ्याने एकट्याने मनात वाचले असते, ते येथे दहाजणांनी मोठ्याने तपासले. निरक्षरतेचे मी गोडवे गात नाही. पण निरक्षर म्हणजे अविचारी हे समीकरण कोणी मांडले, याचा शोध आपण घेतला पाहिजे.

२

पहिली परीक्षा १९३७ ची. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. भायखळा-परळच्या राखीव जागेवर ते उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर कोणाला उभे केले? पळवणकर बाळू यांना. बाळू हे साधे नाव नव्हते. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला होता. हिंदू संघाने त्याची गोलंदाजी घेतली, पण कप्तानपद त्याला दिले नाही. अस्पृश्य माणूस गोऱ्या साहेबाचा त्रिफळा उडवू शकतो, हे ज्याने दाखवले त्याचा अभिमान कोणाला नव्हता? तरुणपणी खुद्द बाबासाहेबांनाही होता. पुढे १९३२ च्या पुणे करारावर बाळूंचीही सही झाली.

तेव्हा मतदारापुढचा पेच 'आपला की परका' असा नव्हता. दोघेही आपलेच होते. प्रश्न असा होता की ज्याचा अभिमान वाटतो त्याला मत द्यायचे, की जो आपले गाऱ्हाणे कायद्याच्या भाषेत मांडू शकतो त्याला? बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. महारांनी एकाला आणि चर्मकारांनी दुसऱ्याला मते दिली, असा याचा सोपा अर्थ लावला जातो. जात मोजली गेली नाही असे मी म्हणणार नाही. पण नुसतीच जात मोजली गेली असती, तर एवढ्या चर्चेची गरजच नव्हती. मताधिकार तेव्हा मर्यादित होता. ज्याच्या हातात मत आले, त्याच्याभोवती मत नसलेल्यांचा गराडा पडत असे आणि ते एक मत पुष्कळांचे होऊन जात असे.

दुसरी परीक्षा मतपेटीची नव्हती. काँग्रेस मंत्रिमंडळाने संपाच्या हक्कावर घाला घालणारे औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि मुंबईत संप झाला. पण १९२९ च्या संपाला बाबासाहेबांचा विरोध होता, हे कामगार विसरले नव्हते. त्या विरोधामागचे कारणही ते विसरले नव्हते. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागते, विटाळ होईल, म्हणून चांगल्या मजुरीच्या साचेखात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. कामगारांची एकजूट म्हणणाऱ्यांनी आधी या सुताचे काय ते सांगावे, असा रिंगखात्यातला सवाल होता. महाडच्या संग्रामाची पायाभरणी करणारे रा. बा. मोरे १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले आणि तरीही बाबासाहेबांविषयीचा आदर त्यांनी सोडला नाही. जे मोरे यांच्या एका आयुष्यात घडले, तेच घराघरांत घडत होते. एक भाऊ लाल बावट्याचा, दुसरा निळ्या निशाणाचा, आणि रात्री दोघांचे ताट एकाच चुलीपुढे.

३

१९५२ चा पराभव आपल्या लोकांच्या काळजात अजून सलतो. पण त्याचा आपण अभ्यास करीत नाही, नुसते हळहळतो. मुंबई शहर उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, समाजवाद्यांचे झाड, काँग्रेसची बैलजोडी, कम्युनिस्टांचे कणीस-विळा. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर त्यांतली एक बाद. फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती. म्हणजे एक मत हत्तीच्या पेटीत आणि दुसरे झाडाच्या.

लिहितावाचता न येणाऱ्या बायामाणसांनी हा व्यवहार समजून घेतला. आमच्या घरी सांगत, की मतदानाच्या आधी पणजी दोन काडेपेट्या पुढे ठेवून शेजारणींना शिकवीत असे. ही हत्तीची, ही झाडाची, हात दोन्हीकडे गेला पाहिजे.

निकाल काय लागला? काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. त्यांना १,२३,५७६ मते पडली. त्यांचे सहकारी अशोक मेहता हेही हरले, पण त्यांना सुमारे १ लाख ४० हजार मते होती. युतीतल्या दोघांमधला हा सोळा हजारांचा फरक नीट पाहा. ज्या फरकाने बाबासाहेब हरले, त्याहून तो मोठा आहे. झाडाच्या पेटीकडे गेलेले काही हात हत्तीच्या पेटीपर्यंत पोचले नाहीत, असाच याचा अर्थ मला लागतो. शिवाय सुमारे ७४ हजार मते बाद झाली. कॉम्रेड डांगे स्वतः त्याच मतदारसंघात उभे होते. दुसरे मत कुजवा, असा प्रचार त्यांच्या बाजूने झाल्याचा आरोप निवडणूक न्यायाधिकरणापर्यंत गेला आणि तेथे अर्ज फेटाळला गेला. न्यायाधिकरणाचे काम संपले, चाळीचे संपले नाही. मित्राचे मत आपल्याला का मिळत नाही, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक युतीच्या वेळी विचारला जातो. तो कोणत्याही पुस्तकात शिकवलेला नाही. लोकांनी मतमोजणीतून तो स्वतः काढला आहे.

आणि तरीही पाच वर्षांनी काय घडले? ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. काही महिन्यांनी, १९५७ च्या निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या वतीने मुंबई शहर मध्य या दोन जागांच्या मतदारसंघातून कोण निवडून आले? श्रीपाद अमृत डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने! ज्या डांग्यांचे नाव घेताच ओठ आवळले जात, त्यांच्या जोडीला आपला माणूस उभा होता आणि दोघेही जिंकले. याला विस्मरण म्हणायचे काय? मी म्हणणार नाही. राग बाजूला ठेवून प्रसंग तोलणे हीच राजकीय प्रौढता, आणि ती 'भावनिक' म्हणून हिणवलेल्या माणसांनी दाखवली.

४

रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झाला आणि लवकरच फुटला. एकीकडे दादासाहेब गायकवाड, दुसरीकडे बी. सी. कांबळे. लोकांनी या तुकड्यांना नावे ठेवली, 'नादुरुस्त' आणि 'दुरुस्त'. या नावांतला उपहास कोणा संपादकाने शिकवलेला नव्हता. भूमिहीनांच्या सत्याग्रहात धोतर नेसून उतरणारा नेता मोठा, की घटनेची कलमे सांगणारा सुशिक्षित मोठा, हा वाद नायगावात आणि वरळीत वर्षानुवर्षे चालला. फुटीचे दुःख मोठेच होते, पण त्या दुःखाने विचार थांबला नाही.

तो विचार १९७४ मध्ये रस्त्यावर आला. दलित पँथर १९७२ ची. जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती आणि गावोगावच्या अत्याचारांच्या निषेधार्थ पँथरने बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या सभेवर दगड आले, मग लाठ्या आणि गोळ्या आल्या. रमेश देवरुखकर पोलिसांच्या गोळीने गेला. १० जानेवारीला परळच्या मोर्चात इमारतीवरून फेकलेल्या दगडाने भागवत जाधव गेला. निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. त्या डांग्यांच्या कन्या.

दंगलीविषयी पुष्कळ लिहिले गेले. बहिष्कारावर घराघरांत जो वाद झाला त्याविषयी फारसे लिहिले गेले नाही. वडीलधारी म्हणत, १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला, तो घरी बसण्यासाठी काय? पोरे म्हणत, मताने गावकुसाबाहेरची बाई सुरक्षित झाली काय? एकाच खोलीत बापाने एक आणि लेकाने दुसरे म्हणावे, आणि दोघांनीही बाबासाहेबांचाच आधार घ्यावा! यात कोण चुकले, हे ठरवण्याची घाई मला नाही. मला एवढेच दिसते की हा गठ्ठा नव्हता.

पुढच्या दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. १९७७ मध्ये, आणीबाणीनंतर, याच मतदारसंघाने रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाच्या बी. सी. कांबळे यांना लोकसभेत पाठवले. १९८४ मध्ये, देशभर काँग्रेसची लाट असताना, त्याने अपक्ष दत्ता सामंतांना निवडून दिले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला अडीच लाखांचा संप तोवर मोडल्यात जमा होता. हरलेल्या लढ्याच्या सेनापतीला मत देणारी माणसे लाटेबरोबर वाहणारी नसतात.

५

या इतिहासात एक उणीव आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. जिन्यावरचा वाद बव्हंशी पुरुषांचा होता. बायांचा वाद नळावर चालला आणि तो कोणी टिपला नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये आले, तेव्हा आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांची नावे प्रथमच अशी एकत्र वाचायला मिळाली. पणजीच्या त्या दोन काडेपेट्यांसारख्या किती गोष्टी मातीत गेल्या असतील?

दुसरी गोष्ट अधिक कठीण. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात, रानडे यांच्या १०१ व्या जयंतीच्या व्याख्यानात, बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर हल्ला चढवला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. चाळीने ही शिकवण त्या भाषणांच्या आधीपासून आचरणात आणली होती. आज आपण काय करतो? नेत्याच्या वाढदिवसाचा फलक चौकात लागतो, पण त्या नेत्याने पाच वर्षांत काय केले, हे त्याच्यासमोर उभे राहून कोण विचारतो? विचारणाऱ्याला 'फुटीर' म्हणतात. बाहेरच्यांनी आपल्याला गठ्ठा म्हणावे यात नवल नाही. आपणच गठ्ठा बांधायला दोरी पुरवू लागलो, तर तक्रार कोणाकडे करायची?

बी. डी. डी. चाळी आता पाडल्या जात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या रहिवाशांना नव्या मनोऱ्यांतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. हे चांगलेच झाले. १६० चौरस फुटांत शंभर वर्षे काढलेल्या माणसांना स्वतःचे न्हाणीघर मिळाले, त्याविषयी हळवे होण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही. पण उद्वाहनातून थेट आपल्या दारात उतरणारा माणूस वाद कोठे घालणार, हा प्रश्न उरतो. ती जागा आपल्याला नव्याने घडवावी लागेल. विहारात, वाचनालयात, महाविद्यालयाच्या वर्गात, या नियतकालिकाच्या पानांवर. ज्यांच्या आजोबांनी ऐकून-ऐकून पुढारी पारखले, त्या आपण शिकलेल्या मंडळींना आता वाचताही येते. पारखण्याचे काम सोडून देण्यासाठी कोणते कारण आपण सांगणार आहोत?