ग्रंथपाल व्हायचंय? आधी पदवी समजून घ्या

निकाल लागले की धसई परिसरातले पालक आमच्याकडे येतात. "सर, मुलीचं बीए झालं, आता पुढे काय?" बहुतेकांच्या मनात डीएड-बीएडच असतं. ग्रंथपालाचा विचार कुणी करत नाही. ज्यांना पुस्तकांची आवड आहे आणि जे शिस्तीने काम करतात, त्यांच्यासाठी ही चांगली वाट आहे.

प्रमाणपत्र आणि पदवी एकच नव्हे

दहावीनंतर ग्रंथालय प्रशिक्षणाचा छोटा प्रमाणपत्र कोर्स करता येतो. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात त्याचा उपयोग होतो. पण ती पदवी नाही. आमचा एक माजी विद्यार्थी हेच प्रमाणपत्र घेऊन कॉलेजातल्या जागेसाठी गेला. अर्ज छाननीतच बाद झाला, वर भाडं गेलं आणि वर्षही गेलं. म्हणून हा फरक आधीच सांगून ठेवतो.

पायऱ्या अशा

पहिली पायरी कोणत्याही शाखेची पदवी. कला, वाणिज्य, विज्ञान, काहीही चालतं. उर्दू घेऊन बीए केलेलं असलं तरी अडचण नाही.

दुसरी बी.लिब., म्हणजे ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी. ही साधारण एक वर्षाची. तिसरी एम.लिब., तीही बी.लिब.नंतर एक वर्षाची. काही विद्यापीठांत दोन्ही मिळून दोन वर्षांचा एकत्र अभ्यासक्रम असतो.

कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे एम.लिब.ला किमान 55 टक्के आणि सोबत नेट किंवा सेट लागते. ओबीसी (नॉन-क्रीमीलेयर) उमेदवारांना गुणांत 5 टक्के सवलत आहे. आपल्या बऱ्याच बिरादऱ्या ओबीसीत मोडतात, तेव्हा जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर वेळेत काढून ठेवा.

शिकायचं कुठे?

मुंबई विद्यापीठात हा विषय आहे. मुलींसाठी चर्चगेटचं एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. महर्षी कर्वे यांनी 1916 मध्ये सुरू केलेली ही संस्था. धसईहून मुरबाड, तिथून एसटीने कल्याण, पुढे लोकल; रोजची ये-जा जमणार नाही, राहण्याची सोय आधी बघावी लागेल.

ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू आहेत. नोकरी किंवा संसार सांभाळून शिकता येतं. मात्र त्या वर्षी त्या कोर्सला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे पाहूनच फी भरा. गुणांची अट सगळीकडे सारखी नसते.

शिकवतात काय?

पुस्तकांचं वर्गीकरण, तालिका, संदर्भसेवा, व्यवस्थापन आणि संगणक. ड्युई दशांश पद्धतीत इस्लामचा क्रमांक 297, मराठी साहित्याचा 891.46, उर्दूचा 891.439. 'कोहा' किंवा 'ई-ग्रंथालय' यांसारखी सॉफ्टवेअर आली तर कामाला फार मदत होते.

आपल्या मुलांची एक जमेची बाजू आहे. उर्दू, मराठी आणि इंग्रजी, तिन्ही लिप्या वाचणारा ग्रंथपाल सहज मिळत नाही. उर्दू पुस्तकांची नीट नोंद करणारा माणूस नसेल तर ती कपाटात पडून राहतात. खरं तर हे काम आपल्याला परकं नाही. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न नदीम यांनी 'अल-फिहरिस्त' लिहिली, ती आपल्या काळातल्या ग्रंथांची मोठी यादीच आहे.

खरं तेही सांगतो

सरकारी जागा कमी निघतात. लहान शाळांत पूर्णवेळ पद मिळेलच असं नाही. त्यामुळे फक्त नोकरीच्या आशेवर कर्ज काढून शिकू नका. पण पदवीचं शिक्षण झालेल्या आणि घरात बसून असलेल्या मुलीसाठी एक वर्षाची बी.लिब. वाया जात नाही. शाळा, कॉलेज, खासगी संस्था, अभ्यासिका असे पर्याय तिच्यासमोर उघडे राहतात.

फॉर्म भरण्याआधी मार्कशीट घेऊन गावातल्या जाणकार शिक्षकाकडे जा. विचारायला पैसे लागत नाहीत.