मालवाहतुकीचा खर्च : रेल्वे आणि ट्रक यांचा ऐतिहासिक तौलनिक विचार

प्रस्तावना

स्वातंत्र्यानंतरच्या प्रारंभीच्या काळात भारतातील लांब पल्ल्याची मालवाहतूक मुख्यतः रेल्वेच्या हाती होती. टन-किलोमीटरच्या मापाने १९५१ च्या सुमारास रेल्वेचा वाटा चार-पंचमांशांहून अधिक होता. २०१० च्या सुमारास तो साधारण एक-तृतीयांशावर आला. दर टन-किलोमीटरमागे रेल्वे स्वस्त असतानाही व्यापारी ट्रककडे का वळला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भाडे आणि एकूण खर्च

पोलादी रुळावरून धावणाऱ्या पोलादी चाकाला रबरी टायरच्या मानाने फारच कमी रोध होतो. त्यामुळे इंधन कमी लागते आणि कोळसा, लोहखनिज, सिमेंट यांसारखा अवजड माल रेल्वेने स्वस्त पडतो. तथापि व्यापाऱ्याचा खर्च भाड्यापाशी संपत नाही. गोदामापासून मालधक्क्यापर्यंतची ने-आण, दोन्ही टोकांची हमाली, वाघिणी मिळेपर्यंतची प्रतीक्षा, मालाची तूटफूट आणि वाटेत अडकलेले भांडवल यांची त्यात भर पडते. हा खर्च अंतरावर अवलंबून नसल्याने कमी पल्ल्यास तो रेल्वेची स्वस्ताई गिळून टाकतो. ट्रक मात्र दारातून उचललेला माल थेट दारात पोहोचवतो.

दरनीतीची भूमिका

ही स्पर्धा स्वातंत्र्यपूर्व काळापासूनची आहे. मिचेल-कर्कनेस समितीने १९३२-३३ मध्ये तिची पाहणी केली आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालमोटारींवर परवान्यांचे नियंत्रण आणले. परंतु रेल्वेचे दर मालाच्या मूल्यानुसार ठरत. किमती मालास चढे दर असल्याने नेमका तोच माल रस्त्याकडे गेला. पुढे प्रवासी वाहतुकीतील तोट्याचा भारही मालभाड्यावर पडत राहिला. म्हणजे रेल्वेचा महागपणा काही अंशी धोरणातून निर्माण झालेला होता.

कोकण रेल्वेचा प्रयोग

कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा या मार्गावर रो-रो सेवा सुरू केली. भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची ही पद्धत होय. माल ट्रकमध्येच राहत असल्याने मधली भराई-उतराई टळते. कशेडीसारखे घाट चुकतात, डिझेल व टायर वाचतात आणि चालकास विश्रांती मिळते. गाडीसाठी फार काळ थांबावे लागल्यास मात्र हा लाभ घटतो.

निष्कर्ष

रेल्वे व ट्रक यांची तुलना केवळ भाड्यावरून करणे अपुरे आहे. भाडे, व्यापाऱ्यास पडणारा एकूण खर्च आणि समाजावर पडणारा अपघात, प्रदूषण व रस्त्यांच्या झिजेचा भार असे तीन हिशेब स्वतंत्रपणे मांडले पाहिजेत. तिसरा हिशेब मालाच्या पावतीवर पूर्णपणे कधीच उमटत नाही. दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर या समर्पित मालवाहतूक मार्गाचे यशही केवळ गाड्यांच्या वेगावर अवलंबून नाही. दोन्ही टोकांना वाया जाणारा वेळ व पैसा किती वाचतो, यावर ते ठरेल.