छुपे शस्त्र आणि परवान्याचा अधिकार : अमेरिकी राज्यांच्या शस्त्रकायद्यांचा इतिहास

भारतात शस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हे विषय राज्यघटनेच्या केंद्रसूचीत असून १९५९ चा शस्त्र अधिनियम साऱ्या देशाला लागू होतो. त्यामुळे राज्याची सीमा ओलांडताच पिस्तूल जवळ ठेवण्याचा कायदाच बदलावा, ही अमेरिकेतील स्थिती मराठी वाचकाला चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. शस्त्रे बाळगण्याच्या हक्काचे संरक्षण करणारी दुसरी घटनादुरुस्ती १७९१ साली अमलात आली, परंतु ती ज्या हक्कांच्या सनदेचा भाग आहे ती सनद केवळ केंद्र सरकारला बांधते, राज्यांना नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८३३ मध्ये एका वेगळ्याच विषयावरील खटल्यात दिला. दुसरी दुरुस्ती राज्यांनाही बांधते, हे त्याच न्यायालयाने मान्य केले ते थेट २०१० साली, शिकागो शहराच्या पिस्तूलबंदीविरुद्धच्या खटल्यात. मधल्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत प्रत्येक राज्याने आपले संविधान, आपला समाज आणि आपली भीती यांना अनुसरून नियम केले, आणि आजची विविधता ही त्या दीर्घ काळाची निर्मिती आहे.

या कायद्यांच्या पहिल्या पिढीचा रोख बंदुकीवर नव्हता, तर ती लपवण्यावर होता. १८१३ साली केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी अंगावर शस्त्र लपवून वावरणे हा गुन्हा ठरवला, आणि पुढील दोन-तीन दशकांत इंडियाना, अलाबामा, जॉर्जिया आदी राज्यांनी त्याच स्वरूपाचे कायदे केले. दक्षिणेकडील पुरुषी प्रतिष्ठेच्या कल्पनांत उघडपणे कमरेला लावलेले शस्त्र धैर्याचे लक्षण मानले जाई, तर कोटाखाली दडवलेला खंजीर किंवा पिस्तूल हे मारेकऱ्याचे साधन समजले जाई. केंटकीच्या न्यायालयाने १८२२ मध्ये, काठीत तलवार लपवून बाळगणाऱ्या एका आरोपीच्या खटल्यात, हा कायदा राज्याच्या संविधानाशी विसंगत ठरवला. तेव्हा राज्याने १८५० च्या नव्या संविधानातच छुप्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला देऊन टाकला. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४६ साली मध्यममार्ग स्वीकारला : लपवून शस्त्र बाळगण्यावरील बंदी वैध, उघडपणे बाळगण्यावरील बंदी अवैध. आज अनेक राज्यांत नेमके छुपे शस्त्रवहनच प्रतिष्ठित नागरिकाला शोभणारे मानले जाते आणि उघडे शस्त्र पाहून लोक बिचकतात, यावरून शिष्टाचाराची कल्पना किती पालटली आहे हे ध्यानात येते.

यादवी युद्धानंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले, आणि या इतिहासातील सर्वांत वेदनादायक प्रकरण सुरू झाले. मिसिसिपीने १८६५ साली गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना स्थानिक मंडळाच्या परवान्यावाचून बंदूक बाळगण्यास उघडपणे मनाई केली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने कायद्याच्या समान संरक्षणाची हमी दिल्यावर असा वर्णभेद शब्दांत लिहिणे अशक्य झाले. म्हणून तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपवण्यात आला. फ्लोरिडाच्या १८९३ च्या कायद्यात वर्णाचा उल्लेखही नाही : एकामागून एक गोळ्या झाडता येणारी रायफल बाळगायची तर काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या घटकाच्या, आयुक्तांकडून परवाना घ्यावा, एवढेच तो सांगतो, आणि १९०१ मध्ये त्यात पिस्तुलांचीही भर पडली. परंतु १९४१ साली फ्लोरिडाच्याच सर्वोच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींनी आपल्या निकालपत्रात स्पष्टपणे नोंदवले की हा कायदा राळेच्या आणि लाकूडतोडीच्या तळांवरील कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी केला गेला होता आणि गोऱ्यांना तो लागू करण्याचा हेतू कधीच नव्हता. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याखाली भारतातील युरोपियनांना मिळालेली सूट निदान नियमांत लिहिलेली होती, आणि म्हणूनच राष्ट्रीय सभेला तिच्याविरुद्ध बोलता आले. फ्लोरिडातील भेद कागदावर नसल्याने त्याला हात घालणे अधिक कठीण होते. अलाबामातील माँटगोमेरी येथील आपल्या घरावर १९५६ च्या जानेवारीत बाँब टाकला गेल्यानंतर कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला आणि तो नाकारला गेला. जिवाला धोका असण्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

उत्तरेत भीती स्थलांतरितांची होती. न्यूयॉर्क शहरात वाढलेला गोळीबार आणि जानेवारी १९११ मध्ये भरदिवसा झालेली कादंबरीकार डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांची हत्या, या पार्श्वभूमीवर राज्याच्या सिनेटचे सदस्य टिम सलिव्हन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा त्याच वर्षी मंजूर झाला आणि लपवता येईल असे पिस्तूल जवळ ठेवण्यास परवाना सक्तीचा झाला. पुढे अर्जदाराने ‘योग्य कारण’ दाखवावे ही अट आली, आणि कारण योग्य आहे की नाही हे परवाना देणारा अधिकारी ठरवू लागला. पश्चिमेकडे कॅलिफोर्नियात १९६७ साली कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ संघटनेच्या सशस्त्र गस्तीमुळे अस्वस्थ झालेल्या विधिमंडळाने भरलेले शस्त्र सार्वजनिक जागी नेण्यास बंदी घातली आणि रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. बंदूकस्वातंत्र्याचे पाठीराखे व विरोधक आज ज्या पक्षांत दिसतात, ते नेहमी तिथेच होते असे समजणे या घटनेपुढे टिकत नाही.

कलाटणी मिळाली ती पुन्हा फ्लोरिडात. १९८७ च्या कायद्याने वय, प्रशिक्षण आणि स्वच्छ गुन्हेगारी नोंद या अटी पुऱ्या करणाऱ्याला छुप्या शस्त्राचा परवाना देणे बंधनकारक केले आणि अधिकाऱ्याची मर्जी बाजूला सारली. ही पद्धत त्याआधी काही मोजक्या राज्यांत होती. बंदूकधारकांच्या हक्कांचा पुरस्कार करणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या पाठबळाने ती आता वेगाने पसरली. व्हरमाँटने असा परवाना कधी मागितलाच नव्हता; अलास्काने २००३ मध्ये परवान्याची सक्ती काढली, फ्लोरिडाने २०२३ मध्ये, आणि आता निम्म्याहून अधिक राज्ये त्या वाटेने गेली आहेत. न्यूयॉर्कची ‘योग्य कारण’ ही अट सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. अधिकाऱ्याच्या लहरीचा अंत झाला, हे न्यायाच्या दृष्टीने इष्टच झाले. मात्र लहरीबरोबर चौकशीही संपवणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि परवानामुक्त राज्यांनी हा फरक पुरेशा गांभीर्याने विचारात घेतलेला नाही.

एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्याने मानलाच पाहिजे असा केंद्रीय कायदा नाही. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने प्रवाशाला मर्यादित संरक्षण दिले : निघण्याच्या व पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी शस्त्र कायदेशीर असेल, तर ते रिकामे करून, हाताशी येणार नाही अशा रीतीने, वाटेतील राज्यांतून नेता येते. न्यू जर्सीत मोठ्या संख्येने मराठी कुटुंबे स्थायिक आहेत. ते राज्य इतर कोणत्याही राज्याचा शस्त्रपरवाना मानत नाही, आणि पेनसिल्व्हेनियात रीतसर मिळालेल्या परवान्यावर पिस्तूल खिशात घेऊन डेलावेअर नदीचा पूल ओलांडणारा माणूस पलीकडच्या काठावर गंभीर गुन्ह्याचा आरोपी ठरू शकतो.