निकाल उत्तम, मग विकार कसा?

दुसऱ्यांची आयकर विवरणपत्रे मुदतीत भरून देणारा आणि स्वतःचे मात्र विलंबशुल्कासह भरणारा चार्टर्ड अकाउंटंट हा थट्टेचा विषय होतो. एडीएचडीच्या अभ्यासकाला तो मोलाचा वाटावा. काम तेच, माणूसही तोच. मग एक पार पडते आणि दुसरे अडते कशामुळे?

मुळात एडीएचडी, म्हणजे ‘लक्ष-न्यूनता व अतिचंचलता विकार’, हे नावच फसवे आहे. तुटवडा लक्षाचा नसतो, लक्षावरच्या ताब्याचा असतो. मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांनी 1997 मध्ये मांडलेल्या उपपत्तीत स्वतःला आवरण्याची क्षमता मध्यवर्ती आहे. समोर आलेल्या गोष्टीमागे लगेच धावायचे नाही, क्षणभर थांबायचे, हे थांबणेच कच्चे असले की हातातले काम मनात धरून ठेवणे, वेळेचा अंदाज, भावनांवरचा लगाम हे सारे ढिले पडते. लांबचा फायदा किंवा लांबचा दंड अशा मनाला पुरेसा ढकलत नाही. कामाचे महत्त्व पटलेले असते, तरी हात हलत नाही. मुदत दारात आली, अशिलांचे फोन सुरू झाले, की लांबचे एकदम जवळ येते. मग रात्रभर बसून काम उरकते आणि बहुधा चोख उरकते. स्वतःच्या विवरणपत्रासाठी फोन करणारे कोणी नसते. (याला आळस म्हणणाऱ्यांनी तशी एक रात्र शेजारी बसून पाहावी.)

म्हणजे येथे यश हा विकार नसल्याचा पुरावा ठरत नाही. ते बाहेरून मिळालेल्या टेकूंवर उभे असू शकते. 2013 च्या डीएसएम-5 या निदानसंहितेने हे बऱ्याच अंशी ओळखले आहे. लक्षणांमुळे कामकाज बिघडले पाहिजे एवढाच तिचा निकष नाही; त्याचा दर्जा घटला तरी पुरे. शिवाय जवळची देखरेख, नावीन्य, विषयाची गोडी किंवा झटपट मिळणारे बक्षीस असेल तर लक्षणे दिसेनाशी होऊ शकतात, असेही ती सांगते. डॉक्टरांची खोली नेमकी अशीच जागा असते. हुशार माणूस नोकरीही नकळत अशीच निवडतो: बातम्यांचा कक्ष, अपघात विभाग, न्यायालय.

बढती मिळाली की हे टेकू निघतात. आता कोणी मुदत घालून देत नाही, ती स्वतःच घालायची असते. काल नावाजलेला माणूस आज न वाचलेल्या ई-मेलांखाली गाडला जातो, आणि घरी वीजबिल, औषधे, मुलांची फी यांचा भार आधीपासूनच जोडीदार वाहत असतो. यशाची खरी किंमत बरेचदा तेथे चुकती होते.

चालढकल तर सगळेच करतात, हा आक्षेप मात्र हलका नाही. म्हणूनच अनेक लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून असावीत, एकाहून अधिक ठिकाणी दिसावीत, आणि चिंताविकारासारख्या दुसऱ्या कारणाने त्यांचा उलगडा अधिक नीट होत नसावा, अशा अटी आहेत. अपुऱ्या झोपेनेही लक्ष विस्कटते. ऐनवेळी काम करण्याची सवय एवढ्यावरून कोणी स्वतःला हे लेबल लावून घेऊ नये.

शंका खरी वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना पगाराचा आकडा सांगत बसू नका. घरातल्या माणसाला सोबत न्या, आणि सापडली तर शाळेची जुनी प्रगतिपुस्तकेही. गुणांचा रकाना सोडून शेऱ्यांचा वाचायला द्या.