दोन बोटांचा पाद्री

लॉकडाउनमध्ये मी गिटार घेतली आणि यूट्यूबवर फिंगरपिकिंगचे धडे शोधू लागलो. तिथे रेव्हरंड गॅरी डेव्हिसचं एक रेकॉर्डिंग सापडलं. मला वाटलं, दोघं जण वाजवतायत. खाली बास चाललाय, वर गाण्याची चाल, मध्ये ठेका. नंतर कळलं की वाजवणारा एकटाच आहे, अंध आहे आणि उजव्या हाताची फक्त दोन बोटं वापरतो : अंगठा आणि तर्जनी. मी चार बोटं वापरूनही अडखळत होतो.

डेव्हिसचा जन्म १८९६ चा, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातला. दृष्टी तान्हेपणीच गेली. आजीने वाढवलं. तरुणपणी तो नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये आला. हे तंबाखूच्या कारखान्यांचं गाव. पगार झालेल्या कामगारांसमोर रस्त्यावर वाजवून तो पोट भरायचा. पुढे प्रसिद्ध झालेला ब्लाइंड बॉय फुलर तिथेच त्याच्याकडून शिकला.

१९३५ मध्ये एका दुकानाचा मॅनेजर या दोघांना रेकॉर्डिंगसाठी न्यूयॉर्कला घेऊन गेला. डेव्हिसने सुरुवातीला दोन ब्लूज गायले आणि मग अडून बसला. आता फक्त देवाची गाणी गाणार, म्हणाला. कंपनीला ब्लूज हवे होते, कारण खपायचे तेच. पण दक्षिणेतल्या अनेक कृष्णवर्णीय चर्चमध्ये ब्लूजला सैतानाचं संगीत म्हणत, आणि डेव्हिस तिशीच्या त्या दशकात बाप्टिस्ट पाद्री झाला होता. बाकीची सगळी रेकॉर्डिंग्ज त्याने धार्मिकच केली. मिळालेल्या पैशांवर तो नाराज होता आणि पुढची बरीच वर्षं स्टुडिओपासून लांबच राहिला.

चाळीसच्या दशकात तो न्यूयॉर्कला स्थायिक झाला. हार्लेमच्या रस्त्यांवर गाणं आणि प्रवचन दोन्ही चालायचं. १९६० मध्ये 'हार्लेम स्ट्रीट सिंगर' हा अल्बम आला. तोवर शहरातल्या गोऱ्या पोरांना लोकसंगीताचं वेड लागलं होतं आणि ती पोरं त्याच्या घरी शिकायला येऊ लागली. शिकवणीचे पाच डॉलर, आणि ती दिवसभरही चालायची. पंधरा वर्षांचा स्टेफान ग्रॉसमन त्यांच्यातलाच. पुढे त्याने हेच वादन धड्यांतून आणि पुस्तकांतून जगभर पोचवलं.

या पोरांना ब्लूजही हवे असायचे. डेव्हिस ते वाजवायचा, पण गायला कचरायचा. कोकेनवरचं एक जुनं गाणं त्याने शब्द गाण्याऐवजी बोलून रेकॉर्ड केलंय. मला हा माणूस इथे सगळ्यात जवळचा वाटतो. बंदी त्याने जिभेवर घातली, बोटांवर नाही. भजन असो की ब्लूज, त्याचा अंगठा तोच ठेका धरायचा.

मग पैशांची गोष्ट. १९६२ मध्ये पीटर, पॉल अँड मेरी या त्रिकुटाने आपल्या पहिल्याच अल्बममध्ये त्याचं शमशोनाच्या कथेवरचं गाणं घेतलं. अल्बम तुफान खपला. रॉयल्टीतून डेव्हिसने क्वीन्समधल्या जमैका भागात घर घेतलं. पण तेच गाणं ब्लाइंड विली जॉन्सनने १९२७ मध्येच रेकॉर्ड केलं होतं. मग ते कुणाचं? माझ्या कामात कोड कुणाचा, लायसन्स कोणतं हा प्रश्न रोजचाच, म्हणून मी इथे बराच वेळ अडकलो. कागदोपत्री काटेकोर राहायचं तर ते घर डगमगतं. पण अनेक कृष्णवर्णीय गायकांची गाणी फुकटात गेली त्या काळात, साठी ओलांडलेल्या एका अंध रस्त्यावरच्या गायकाला हक्काचं छप्पर मिळालं. हे घर परत मागावं, असं मला तरी वाटत नाही.

५ मे १९७२ ला, न्यू जर्सीतल्या एका कार्यक्रमाला जाताना, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. त्याच्याकडे धडे घेतलेला बॉब वीअर ग्रेटफुल डेड या रॉक बँडमध्ये होता. १९७७ च्या अल्बममध्ये वीअरने तेच शमशोनाचं गाणं इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सच्या गजरात गायलं. रेव्हरंडने ज्या संगीतापासून तोंड फिरवलं त्याच्या पोटी रॉक जन्मला, आणि त्या रॉकच्या स्टेजवर त्याचंच प्रवचन पोचलं.

मी अजून दोन बोटांवर आलेलो नाही. पण अंगठा आता ठेका सोडत नाही.