पोर्चमधलं १०८९ सीसी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला की जुनी फियाट बाळगणाऱ्याला तिचं इंजिन सकाळीच उघडावं लागतं. ऊन चढल्यावर पाना हातात धरवत नाही. पोर्चमध्ये जुनी चादर अंथरायची, घमेल्यात रॉकेल ओतायचं आणि नटबोल्ट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडायचे. सिलिंडर हेड उचललं की चार पिस्टनांची काळवंडलेली डोकी दिसतात. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, एकूण १०८९ सीसी.

या मापाचं कूळ शर्यतीच्या मैदानातही सापडतं.

फियाटच्या १९३७ मधल्या '५०८ सी' गाडीत याच मापाचं इंजिन होतं. गाडी दान्ते जाकोसा या अभियंत्याची. महायुद्ध संपलं तेव्हा इटलीत सगळ्याचीच टंचाई होती. पिएरो दुझिओ या उद्योजकाने फियाटचेच सुटे भाग वापरून 'चिसितालिया डी ४६' ही रेसिंग कार उभी केली. आराखडा पुन्हा जाकोसाचा. १९४७ च्या 'मिल्ले मिलिया' शर्यतीत चोपन्न वर्षांचा ताझिओ नुवोलारी चिसितालिया २०२ घेऊन उतरला. इंजिन तेच, फियाट ११०० चं. पावसाचं पाणी इग्निशनमध्ये शिरेपर्यंत तो पुढे होता, शेवटी दुसरा आला. जिंकलेल्या आल्फा रोमिओचं इंजिन अडीचपटीहून मोठं होतं. चिसितालिया २०२ ला १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने प्रदर्शनात मांडलं.

पन्नासच्या दशकात हे इंजिन मुंबईत कुर्ल्याला आलं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० बाजारात आणली. तिच्या गोलमटोल अंगामुळे लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटलं, आणि ते नाव आजही प्रेमानेच घेतलं जातं. पुढे डिलाइट आली, मग पद्मिनी. पत्रा बदलला, नाव बदललं. १०८९ कायम राहिलं.

परवाना राजमध्ये नवी गाडी नोंदवली तर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. त्यामुळे इंजिन टाकून न देता 'बांधत'. मुंबई–कोलकाता आणि वाराणसी–कन्याकुमारी हे दोन महामार्ग त्या काळी नागपुरात एकमेकांना छेदत, त्यामुळे ट्रकांच्या राबत्यावर चालणारं लेथ आणि बोअरिंगचं काम शहरात होतंच. बोअर तिथे करून घ्यायचा. बाकीचं घरी, हाताने.

त्यातलं सर्वांत नाजूक काम म्हणजे हेड. ते ॲल्युमिनियमचं, म्हणजे मऊ. कार्बन खरवडायला लोखंडी पत्ती लावली की ओरखडा कायमचा, म्हणून लाकडाची किंवा पितळेची पट्टी. पितळी भांडी उजळणारी चिंच इथे चालत नाही, आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात हेड बुडवलं तर सोडा धातूच खातो. रॉकेल, जुना टूथब्रश आणि सबुरी एवढंच भांडवल. मग वॉल्व. बैठकीवर ग्राइंडिंग पेस्टचा ठिपका लावायचा, रबरी चूषक बसवलेली काठी दोन्ही तळव्यांत धरायची आणि रवी घुसळावी तशी फिरवायची. मधूनच वॉल्व उचलून थोडा वळवायचा. सुरुवातीचा खरखर आवाज हळूहळू मऊ होतो. चारी बाजूंनी सारखी राखाडी कडी उमटली की वॉल्व बसला. खात्रीसाठी पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं. थेंब झिरपला, तर पुन्हा पेस्ट.

नुवोलारीच्या गाडीचे वॉल्वही याच रीतीने बसवले जात. कष्ट तेच, कारागिरी तीच. मुंबईच्या टॅक्सीला आणि नागपूरच्या घरगुती गाडीला ती कमी प्रतीची लागली नाही.

ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून पद्मिनी कायमची गेली. मात्र २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांपलीकडच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा वेगळा नोंदणी क्रमांक देऊ केला आहे. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. तेव्हा नागपुरात कुणाच्या शेडमध्ये पन्नास वर्षांहून जुनी फियाट धूळ खात उभी असेल, तर तिचं मूळ हेड भंगारात देऊ नका आणि आरशासारखं चमकवण्याच्या नादात ओतकामाच्या खुणाही घासून काढू नका.